दोन बोटं तोंड

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंट भूल तपासणीला येतो तेव्हा मी त्याला आधी तोंड उघडायला सांगते. "आ करा मामा, होतंय तेवढं." धडधाकट माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतात. आमच्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे जे पेशंट येतात, त्यांच्या तोंडात दोन मावली तरी मी खूश असते. गुटखा, मावा वर्षानुवर्षं गालात धरल्यानं आतलं अस्तर आखडून गेलेलं असतं. कुणाचं तोंड एक बोट उघडतं, कुणाचं तेवढंही नाही. मी फाइलवर 'तोंड : दोन बोटं' असं लिहिते आणि तेवढ्यावर दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा सगळा बेत ठरतो.

कारण तोंड उघडत नसेल तर पेशंटला झोपवून, घशात लॅरिंगोस्कोप घालून श्वासनळीत ट्यूब टाकणं जमत नाही. आधी झोपवलं आणि मग ट्यूब गेलीच नाही, तर माणूस टेबलावर जातो. म्हणून अशा पेशंटला जागं ठेवूनच नाकातून दुर्बीण सरकवत श्वासनळी गाठायची असते. त्याआधी घसा बधिर करायचा. मानेवर, कंठाच्या जरा खाली बारीक सुई टोचून लिग्नोकेन आत सोडलं की पेशंट जोरात खोकतो. तो खोकला मला हवा असतो. खोकल्याबरोबर औषध वर-खाली पसरतं, आणि सुई योग्य जागी असल्याची पावतीही मिळते. खोकला आला की निम्मं काम झालं, असं मी शिकाऊ डॉक्टरांना सांगायची.

२०२० च्या मार्चमध्ये हाच खोकला आमच्या ओटीतली (ऑपरेशन थिएटरमधली) सगळ्यांत धोक्याची गोष्ट होऊन बसला.

मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका ट्रस्टच्या कॅन्सर हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. सांगली-सोलापूरचे दुष्काळी तालुके, कोल्हापूर, सीमेपलीकडचं विजापूर आणि बेळगाव असा आमचा पट्टा. बरेचसे पेशंट महात्मा फुले योजनेतले. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले कोरोना रुग्ण सापडले. २३ तारखेला जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्या, दुसऱ्या दिवशी रात्री आठला देशभराच्या लॉकडाऊनची घोषणा झाली, आणि त्या आठवड्याची ओटी लिस्ट फळ्यावर तशीच राहिली. जी ऑपरेशनं तातडीची नाहीत ती पुढे ढकला, असं केंद्राकडून आधीच कळवण्यात आलं होतं. आता कॅन्सरचं ऑपरेशन कुठल्या रकान्यात टाकायचं? अपेंडिक्स फुटलं तर प्रश्नच नसतो. गालातली गाठ मात्र रात्रीत कुणाला मारत नाही. ती दर आठवड्याला थोडी सरकते, आणि एका आठवड्यात अशी सरकते की कालपर्यंत वाचणारा जबडा आज काढावा लागतो. तो आठवडा कुठला हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

सर्जन घाबरले म्हणून ऑपरेशनं थांबली, असं पुढं बऱ्याच जणांनी मला ऐकवलं. घाबरलो होतो आम्ही सगळेच. पण आमचे सर्जन त्या काळात रोज सकाळी ओटीच्या दाराशी येऊन "आज काही होईल का?" विचारून जात. चाकू धरणारा हात रिकामाच होता. आटली होती ती त्याच्या भोवतीची माणसं आणि सामान. कोविडच्या आयसीयूत व्हेंटिलेटर लागतो, आणि व्हेंटिलेटर रोज हाताळणारी माणसं म्हणजे आम्ही भूलतज्ज्ञ. जिल्ह्यानं आमच्या याद्या मागवल्या. आम्ही तिघं होतो, त्यातले दोघं कोविड ड्यूटीला गेले. ओटीतल्या अनुभवी सिस्टर गेल्या. ऑपरेशननंतर पेशंटला एक रात्र ठेवायला लागणारा आयसीयूतला बेड गेला. रक्तदान शिबिरं बंद पडली, त्यामुळे रक्तपेढी बदली रक्तदाता आणल्याशिवाय पिशवी सोडेना. आणि रक्तदाता म्हणजे पेशंटचा भाऊ, तो पुण्यात अडकलेला. यातलं एक जरी नसलं तरी आठ तासांचं ऑपरेशन उभं राहत नाही.

खोकल्याचा प्रश्न तर होताच. नाक, तोंड, घसा इथंच विषाणूचा मुक्काम, आणि आमचं सगळं काम तिथंच. दुर्बिणीनं ट्यूब टाकायची तर खोकला. सुरुवातीलाच गळ्याला भोक पाडून नळी टाकायची तर हवेत तेवढाच फवारा. दोन बोटं तोंडाच्या माणसासाठी बिनधोक वाट नव्हतीच. त्यातच सुरुवातीचे कित्येक आठवडे लक्षणं नसलेल्या माणसाची तपासणी होत नव्हती. समोरचा पेशंट कोरोना घेऊन आला आहे की नाही हे कळायला मार्ग नाही, म्हणून प्रत्येकाला आहेच असं धरून चालायचं.

याच काळात आमच्या नेमप्लेट बनवणाऱ्यानं अ‍ॅक्रिलिकची पेटी करून आणली. पेशंटचं डोकं पेटीत, बाजूच्या दोन भोकांतून आमचे हात आत. तैवानमधल्या एका डॉक्टरच्या कल्पनेवरून अशा पेट्या जगभर झाल्या होत्या. आमच्या पेटीच्या कोपऱ्यात नेमप्लेटवाल्यानं सवयीनं स्वतःच्या दुकानाचा मोबाइल नंबरही छापला होता. भावना फार चांगली, पण त्या पेटीत मनगटं वळायची नाहीत आणि दुर्बीण तर मावायचीच नाही. थोड्याच दिवसांत तिच्यात मास्कचे खोके ठेवले जाऊ लागले.

कुणाला थांबवता येईल हे ठरवायला दर सोमवारी फायली घेऊन बसायचो. सर्जन, किमोवाले डॉक्टर, फिजिशियन आणि मी. थायरॉइडचे बरेचसे कॅन्सर सावकाश चालतात, ते मागे ठेवता आले. स्तनाच्या ज्या कॅन्सरना हॉर्मोनची गोळी लागू पडते, त्या बायकांना गोळी सुरू करून काही महिने काढता आले, आणि त्यातल्या बहुतेकींचं निभावलंही. तोंडाच्या कॅन्सरला अशी सवड नसते, आणि आमच्याकडे गठ्ठा त्याचाच मोठा. त्यांना आम्ही मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबच्या गोळ्यांवर ठेवलं. टाटा हॉस्पिटलात ऑपरेशनच्या तारखेसाठी थांबणाऱ्या पेशंटांवर हा स्वस्तातला उपाय आधीपासून वापरला जात होता. गोळ्या घरी घेता येतात, सलाइन लागत नाही, वारंवार यावं लागत नाही.

"मॅडम, गोळीनं गाठ बसंल का?" एका मामांनी फोनवर विचारलं होतं. ते जतकडचे, टेम्पो चालवणारे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांची तारीख होती. गालातली गाठ अडीच सेंटिमीटरची, मानेत हाताला काही लागत नव्हतं, जबड्याचं हाड गाठीपासून सुटं होतं. फाइलवर माझ्याच अक्षरात : दोन बोटं. मी म्हटलं, बसणार नाही मामा, थोडी रोखून धरता आली तर बघायची.

एप्रिलमध्ये मामांकडे भाजीच्या गाडीचा पास होता. जिल्ह्यात कुठंही ते फिरू शकत होते, पण आमची ओटी बंद होती. मे महिन्यात आम्ही आठवड्यातून दोन दिवस लिस्ट सुरू केली, त्यांना फोन लावला, तर ते गावच्या झेडपीच्या शाळेत. मुंबईहून आलेल्या पुतण्याला त्यांनी टेम्पोतून गावात आणलं होतं, म्हणून दोघांना चौदा दिवस शाळेत बसवलेलं. तिथून सुटले तर गावकरी म्हणाले, आता दवाखान्यात जाऊन आलास तर परत चौदा दिवस शाळा. बायको एकटी, म्हैस दारात. त्यांनी आणखी थोडं थांबायचं ठरवलं. यात मी कुणाला दोष देऊ? गावानं रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या त्या भीतीनं, आणि ती भीती आमच्या पीपीई किटमध्येही होती.

जूनच्या मध्यावर ते आले तेव्हा गालाला बाहेरून भोक पडायला आलं होतं. मानेत गाठी होत्या. तोंड अर्धं बोट.

ते ऑपरेशन मला तपशिलासकट आठवतं. सेंट्रल एसी बंद, कारण ओटीतली हवा दाबानं बाहेर ढकलली जाते आणि ती कॉरिडॉरभर पसरू द्यायची नव्हती. किटच्या आत घामाची धार पाठीवरून बुटात उतरत होती. चष्मा, त्यावर गॉगल, त्यावर फेसशील्ड, तिन्हींवर वाफ. खोलीत मी, एक टेक्निशियन आणि मामा. सर्जन आणि सिस्टर दाराबाहेर, ट्यूब जाईपर्यंत आत यायचं नाही, आणि गेल्यावरही हवा बदलायला वीस मिनिटं थांबायचं. कंठाखालची सुई मी वापरली नाही. लाळ आटवण्याचं इंजेक्शन दिलं, गुंगीचं औषध थेंबाथेंबानं चढवलं, नाकात भिजवलेला गॉज, मग दुर्बिणीतूनच थोडं थोडं लिग्नोकेन. नेहमी दहा मिनिटांत होणारं काम पाऊण तास चाललं. वाफेमुळे आयपीसमधून दिसेना म्हणून मान तिरकी करून शील्डच्या एका स्वच्छ पट्ट्यातून बघत होते. पडजीभ, मग सूज आलेला घसा, मग स्वरयंत्राची ती पांढरी फट. दुर्बीण फटीतून आत गेली आणि मामा खोकलेच. चांगले दोन-तीनदा, थेट माझ्या अंगावर. त्या गुंगीतही त्यांनी हात जोडल्यासारखे केले. टेक्निशियन पोरगा म्हणाला, "मामा, खोका हो बिनधास्त, मॅडमनी रेनकोट घातलाय." त्याच्या आवाजाला कंप होता, पण म्हणाला.

मग ज्याला कमांडो ऑपरेशन म्हणतात ते झालं. गाल, जबड्याचा तुकडा, मानेतल्या गाठी, आणि छातीवरचा स्नायू कातडीसकट वळवून गालाला लावलेला. मार्चमध्ये केलं असतं तर तोंडाच्या आतूनच गाठ निघाली असती आणि चेहरा होता तसा राहिला असता. पुढं ते बरे झाले, टेम्पोही चालवला, पण बोललेलं फक्त बायकोला कळायचं. दोन वर्षांच्या आत मानेत पुन्हा गाठ आली. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये 'बीएमजे'मध्ये एक मोठा आढावा आला होता. कॅन्सरच्या ऑपरेशनला दर चार आठवड्यांचा उशीर झाला की मृत्यूचा धोका सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो, असा त्याचा हिशेब. मामांची गाठ वेळेवर काढली असती तर परत आली नसती असं त्यावरून म्हणता येत नाही. टक्केवारी हजारोंची असते, तिच्यातून एका माणसाचा वाटा काढता येत नाही. त्यांची बायको मात्र तो काढते, आणि तिचा हिशेब मला खोडता येत नाही.

आम्ही चाललो होतो ते बरोबर की चूक, याला उलटसुलट पुरावे त्या काळात दर महिन्याला येत. मे २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ११२८ पेशंटांचा अभ्यास आला. ऑपरेशनच्या आगेमागे कोरोना झालेल्यांपैकी २३.८ टक्के माणसं तीस दिवसांत गेली होती. तो वाचून आमच्या फिजिशियननी पुढची लिस्टच नको म्हटलं. नंतर परळच्या टाटा मेमोरियलचे आकडे आले. लॉकडाऊनच्या त्याच दिवसांत, २३ मार्च ते ३० एप्रिल, मुंबईसारख्या शहरात त्यांनी कॅन्सरची ४९४ ठरवलेली ऑपरेशनं केली. त्यात कोरोनाबाधित निघाले सहा, आणि मृत्यू एकही नाही. आता आमच्या सर्जनना जोर आला. दोघंही खोटं बोलत नव्हते. एका अभ्यासात कोरोना झालेल्यांचं काय होतं ते होतं, दुसऱ्यात नीट काळजी घेतली तर कोरोना किती जणांना होतो ते. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढं समजून घ्यायला आमच्या सोमवारच्या बैठकीला बराच वेळ लागला. टाटाच्या निबंधाची झेरॉक्स मी ओटीच्या नोटीस बोर्डावर लावली. कोविड ड्यूटीवरून आमच्यातला एक जण परत मिळवायला ती व्यवस्थापनापुढं कामी आली.

ऑगस्टमध्ये एक वेगळीच गोष्ट झाली. तपासणी सुरू झाली होती, दोन भूलतज्ज्ञ होते, रक्ताचंही थोडं जमत होतं, आणि लिस्ट भरेना. फळ्यावर जागा, नावं नाहीत. एक तरुण डॉक्टर म्हणाला, बरं झालं, अनुशेष संपला. संपला कसला! अनुशेष आमच्या दारापर्यंत पोचलाच नव्हता. तोंडातला पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम बहुतेकदा पहिल्यांदा बघतो तो तालुक्याचा दाताचा डॉक्टर. दातांचे दवाखाने बंद होते. ते बंद म्हणून बायोप्सी नाही, बायोप्सी नाही म्हणून रिपोर्ट नाही, आणि रिपोर्ट नाही त्याला आम्ही तारीख कुठून देणार?

देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांची आकडेवारी पुढच्या वर्षी छापून आली तेव्हा हे सगळीकडं झालं होतं असं कळलं. मार्च ते मे या तीन महिन्यांत २०१९ साली १,१२,२७० नवे पेशंट नोंदले गेले होते, २०२० साली ५१,७६०. मोठी ऑपरेशनं १७,१२० वरून ८,६७७ वर आली होती. ऑपरेशनांच्या घटीवर सगळे बोलतात. मला वरचा आकडा जास्त बोचतो. लॉकडाऊन लागला म्हणून कुणाच्या गालात गाठ यायची थांबली नव्हती, मग ती साठ हजार माणसं त्या उन्हाळ्यात कुठं होती? ६१ देशांतल्या वीस हजार पेशंटांचा आणखी एक अभ्यास आहे. कडक लॉकडाऊनमध्ये सातांतल्या एकाचं ठरलेलं ऑपरेशन झालं नाही, आणि निर्बंध सौम्य होते तिथं हजारात सहा जणांचं, असं त्यात दिसतं. मोठं आणि मेहनतीचं काम आहे ते. पण त्यात मोजलेत ते ऑपरेशन ठरलेले. शाळेत बसवलेले मामा त्यात येऊ शकतात. दाताच्या डॉक्टरचं शटर बघून परत गेलेली बाई त्यात येणार नाही.

दुसरी लाट आली ती ऑक्सिजनची. एप्रिल २०२१. पहिल्या लाटेत शिकलेलं बरंचसं तोवर अंगवळणी पडलं होतं, स्वॅब होत होते, लस घेतली होती, आणि मला वाटत होतं की या वेळी लिस्ट थांबणार नाही. थांबली. कारण दिलं गेलं ऑक्सिजनचं, आणि त्या कारणाशी मी आजही भांडते. भुलेच्या मशीनमध्ये पेशंटनं सोडलेला श्वास कार्बन डायऑक्साइड शोषून घेऊन पुन्हा वापरता येतो. प्रवाह कमी ठेवून आठ तासांचं ऑपरेशन मी मिनिटाला लिटरभर ऑक्सिजनवर सहज काढते. त्याच वेळी कोविड वॉर्डातलं हाय फ्लोचं एक मशीन मिनिटाला साठ लिटरपर्यंत ओढत होतं. म्हणजे आमची अख्खी लिस्ट बंद करून वाचणारा ऑक्सिजन त्या एका मशीनला काही मिनिटं पुरला असता. हे मी फळ्यावर गुणाकार करून दाखवलं. मॅनेजमेंटला पटलं, पण टँकर कधी येईल याची शाश्वती नसताना सही कोण करणार?

आणखी एक नियम त्याच सुमारास आला. कोरोना होऊन गेलेल्या माणसाचं ऑपरेशन शक्यतो सात आठवडे करू नका. मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासावर आधारलेला, बिनतोड. त्याच निबंधात पुढं हेही होतं की उशिरानं होणारं नुकसान तोलून ठरवा. आमच्याकडं पोचताना नुसतं 'सात आठवडे' एवढंच पोचलं. गालाच्या कॅन्सरला सात आठवडे म्हणजे काय हे मामांच्या गालानं आम्हाला शिकवलं होतं, म्हणून मी पेशंटला जिना चढायला लावून, छातीचा फोटो बघून, चार-पाच आठवड्यांवरही भूल दिली. फिजिशियन आणि मी त्यावर पुष्कळ वाद घातला.

मे-जूनमध्ये ओटी पुन्हा भरली, पण वेगळ्याच पेशंटांनी. म्युकर. कोरोनातून वाचलेली, साखर वाढलेली, स्टेरॉइड घेतलेली माणसं, आणि वरच्या जबड्यात, सायनसमध्ये, डोळ्यामागं काळी बुरशी. वरचा जबडा काढणं हे कॅन्सरच्या सर्जनचंच काम. तीच अवजारं, तोच टेबल, तीच मी. अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनांसाठी नातेवाईक जिल्हे पालथे घालत होते. म्युकरला तासांचा हिशेब असतो, तेव्हा त्याला आधी घ्यावंच लागायचं, आणि कॅन्सरचा पेशंट परत खाली सरकायचा. एका बाईनं मला जिन्यात गाठून विचारलं, "त्यांचा जबडा आज काढताय, माझ्या मालकांचा कधी?" मी सांगितलं, त्यांचं उद्यापर्यंत थांबलं तर डोळा जाईल. ती म्हणाली, "आमचा गाल गेलाच की."

मागच्या वर्षी हॉस्पिटलच्या मान्यतेच्या कामासाठी साथीच्या काळातली योजना लिहायची होती. बेड किती, व्हेंटिलेटर किती, ऑक्सिजनचा साठा किती दिवसांचा, सगळं तक्त्यात भरलेलं होतं. मी त्यात एक ओळ घालायला लावली : कितीही मोठी साथ आली तरी दोन भूलतज्ज्ञ आणि ओटीच्या चार सिस्टर कॅन्सरच्या लिस्टवरून हलवायच्या नाहीत. फिजिशियननी हरकत घेतली, आणि त्यांची हरकत हलकी नव्हती. "बाहेर कॉरिडॉरमध्ये माणसं श्वासासाठी तडफडत असताना तुम्ही आत दार लावून आठ तास एका पेशंटजवळ बसणार?" त्यांनी दोन्ही लाटांत जे बघितलं ते मी निम्मंच बघितलंय, त्यामुळे मी आवाज चढवला नाही. बसेन, म्हटलं. कॉरिडॉरमधला माणूस तुम्हाला दिसतो म्हणून तुम्ही धावता. माझा पेशंट जतमध्ये असतो, गोळ्या खात. ती ओळ मसुद्यात आहे. त्यांनी शेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय, आणि पुढच्या बैठकीत त्यावर पुन्हा बसायचं ठरलंय. दाताच्या डॉक्टरांच्या तालुका संघटनेलाही या वेळी बोलवा, असं मी कळवलंय.